भुयारी मेट्रोतल्या कामगारांचा खोकला आणि दमा: कारण कसं शोधायचं, काम कसं बदलायचं

भुयारी मेट्रोत काम करणाऱ्याला खोकला धरला, नाक गळायला लागलं किंवा छाती भरून यायला लागली की दवाखान्यात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: धुळीची अ‍ॅलर्जी. गोळ्या मिळतात, आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच सुरू होतं. बोगद्यातली धूळ ही एकच एक गोष्ट नाही, अडचण तिथे आहे. चाक आणि रूळ घासून उडणारी लोखंडाची भुकटी, काँक्रीट कापताना निघणारी सिलिका (वाळू-दगडातली बारीक धूळ), गळती बुजवायच्या पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउटची वाफ, डिझेलचा धूर, एसीच्या डक्टमधली बुरशी, व्हेंट शाफ्टवरची कबुतरांची विष्ठा, सफाईचं ब्लीच. प्रत्येकाचा त्रास वेगळा, तपासणी वेगळी आणि उपाय तर अगदीच वेगळा. काही ठिकाणी साधा मास्क पुरतो. काही ठिकाणी चांगला मास्क असूनही ते काम सोडावंच लागतं. म्हणून आधी नेमकं कारण शोधा, मग काम करायची रीत बदला, आणि मास्ककडे सगळ्यात शेवटी वळा.

मुंबईची मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातलं फक्त आरे जमिनीवर. पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट हा पट्टा जमिनीखाली आहे. म्हणजे स्टेशन, ट्रॅक, सिग्नल, पंप, एसी, सफाई आणि सुरक्षा मिळून पूर्ण पाळी जमिनीखाली काढणारी माणसं आता आपल्याकडेही मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यातली बरीचशी कंत्राटी आहेत. पुढची माहिती त्यांच्यासाठी आणि त्यांच्या सुपरवायझरसाठी आहे.

कोणाच्या वाट्याला काय येतं

गाडी धावते तेव्हा चाक, रूळ आणि ब्रेक झिजतात आणि लोह ऑक्साइडचे बारीक कण हवेत जातात. वरच्या वीजवाहिनीतून तांबं आणि पँटोग्राफमधून (डब्याच्या छतावरून वीज घेणाऱ्या सांगाड्यातून) कार्बन येतो. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या धुळीची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वजनाने सुमारे दोन तृतीयांश भाग लोह ऑक्साइडचा होता आणि क्वार्ट्झ (सिलिकाचाच प्रकार) १ ते २ टक्के. स्टॉकहोममध्ये गाडी चालवणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. फलाटावर काम करणाऱ्यांच्या रक्तात मात्र दाह दाखवणारे काही घटक इतर कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त होते. म्हणजे घाबरून नोकरी सोडण्यासारखं यात काही नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. त्या जुन्या, उघड्या फलाटांच्या मार्गांवरचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. मुंबईच्या भुयारी स्थानकांत फलाटाला काचेचे दरवाजे आहेत. अशा दरवाजांनी फलाटावरची धूळ घटते. सोलमध्ये मात्र ते बसवल्यावर डब्यांच्या आतली धूळ वाढल्याचं आढळलं, कारण बोगद्यातली धूळ बोगद्यातच फिरत राहते. फलाटावरच्या सुरक्षारक्षकाला याचा फायदा होतो, ट्रेन ऑपरेटर आणि ट्रॅकवाल्यांना तितका होत नाही.

सगळ्यात जड मारा रात्रीच्या ब्लॉकमध्ये बसतो. शेवटची गाडी गेल्यावर वीज बंद होते आणि हाताशी तीन-चार तास असतात. त्यातच रूळ घासणं, थर्मिट वेल्डिंग, अँकरसाठी ड्रिलिंग, गळती बुजवणं, केबल ओढणं सगळं उरकायचं असतं. गाड्या धावत नसल्याने बोगद्यातली हवा जवळपास हलतच नाही. एक मायक्रॉनचा लोहकण स्थिर हवेत दोन मीटर खाली यायला तीन तासांहून जास्त घेतो. ब्लॉकच्या पहिल्या दहा मिनिटांत उडवलेली धूळ टोळी ब्लॉक संपेपर्यंत श्वासात ओढत राहते.

पहिलं काम: चार आठवड्यांची पीक फ्लो नोंद

कामामुळे दमा होतोय का हे ठरवायला पीक फ्लो मीटरइतकं स्वस्त आणि भरवशाचं साधन दुसरं नाही. औषधाच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतं. फुंकर मारताना हवा किती वेगाने बाहेर पडते ते हे नळीसारखं यंत्र लिटर प्रति मिनिटात दाखवतं. सगळ्या नोंदी एकाच मीटरवर घ्या. मित्राच्या मीटरवरचा आकडा तुमच्या वहीत चालत नाही.

उभे राहा, काटा शून्यावर आणा, छाती भरून श्वास घ्या, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि एका झटक्यात जोरात फुंका. जीभ नळीच्या तोंडाशी येऊ देऊ नका. थुंकल्यासारखी फुंकर मारली तर आकडा खोटाच मोठा येतो. तीनदा फुंका आणि सगळ्यात मोठा आकडा लिहा. पहिल्या दोन मोठ्या आकड्यांत २० पेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा फुंका.

दिवसातून किमान चार नोंदी हव्यात: उठल्यावर, कामाला लागण्याआधी, काम संपल्यावर आणि झोपण्याआधी. जमलं तर जागेपणी दर दोन तासांनी घ्या. नाइटवाल्यांसाठी सकाळ म्हणजे ते झोपेतून उठतात ती वेळ, मग दुपारचे तीन का वाजले असेनात. प्रत्येक आकड्यापुढे घड्याळातली वेळ आणि त्या पाळीत काय केलं ते लिहा: "ड्रिलिंग, २ तास", "पीयू इंजेक्शन, बाजूला उभा होतो", "फक्त गस्त". हा कामाचा रकाना रिकामा राहिला तर नोंद निम्मी वाया जाते. दमा आहे एवढंच त्यातून कळतं, कशाचा आहे ते कळत नाही. सुट्टीच्या दिवशीही नोंद चुकवू नका. या चार आठवड्यांत नियमित औषधाचा डोस मनाने कमीजास्त करू नका, नाहीतर आकडा कामामुळे पडला की औषधामुळे ते सांगता येणार नाही.

समजा, सुट्टीच्या दिवशी आकडा ४६० ते ४८० मध्ये राहतो. ब्लॉकला जाताना ४७०, पहाटे बाहेर पडताना ४५०, आणि घरी झोपलेलं असताना सकाळी अकराला छाती दाटून जाग येते तेव्हा ३७०. बोगद्यात काहीच जाणवलं नाही, त्रास घरी झाला, म्हणून माणूस घरातल्या उदबत्तीवर नाहीतर गादीवर संशय घेतो. आयसोसायनेट आणि इतर काही रसायनांची प्रतिक्रिया संपर्कानंतर चार ते आठ तासांनी येऊ शकते. एकाच दिवसातला असा २० टक्क्यांच्या आसपासचा चढउतार फक्त पीयू इंजेक्शनच्या दिवशीच दिसत असेल तर डॉक्टरांच्या हातात भक्कम धागा येतो.

आठवड्याच्या एका सुट्टीत फुप्फुस सावरतंच असं नाही. काहींना सुधारणा दिसायला तीन-चार दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतात. त्यासाठी मोठी रजा उपयोगी पडते. गणपतीला गावी आठवडाभर जाणार असाल तर मीटर पिशवीत टाका आणि तिथेही नोंद ठेवा. चुलीच्या धुराजवळ किंवा फटाक्यांत गेलात तर तेही लिहा. रजेत आकडा चढत जातो आणि कामावर परतल्यावर उतरतो, हा आलेख दहा तपासण्यांच्या फायलीपेक्षा जास्त सांगतो.

डॉक्टरांकडे काय न्यायचं, काय मागायचं

नोंदवही, कामावरच्या रसायनांच्या डब्यांवरील लेबलांचे फोटो आणि जमल्यास सुरक्षा माहितीपत्रक न्या. माहितीपत्रक मागण्यात संकोच नको, ते साइटवर असायलाच हवं. छातीरोगतज्ज्ञांना पहिल्याच वाक्यात सांगा की काम जमिनीखालचं आहे आणि त्रास अमुक कामानंतर वाढतो. बहुतेक डॉक्टर घर, धूम्रपान आणि पाळीव प्राण्यांबद्दल विचारतात, कामाचं विचारायचं राहून जातं.

स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसाची तपासणी) करून घ्या. आधी फुंकर, मग साल्ब्युटामॉल (तात्पुरता आराम देणारा पंप), पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकर. दुसऱ्या वेळी पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली तर दम्याच्या बाजूने पुरावा मिळतो. तपासणीआधी तात्पुरता आराम देणारा पंप किमान चार तास घेऊ नका, पण त्रास झालाच तर घ्या आणि तसं सांगा. तपासणी नॉर्मल आली म्हणून दमा नाही असं होत नाही. सुट्टीनंतर केलेली तपासणी बरेचदा चांगली येते, म्हणून शक्यतो कामाच्या आठवड्यात करा.

त्वचेवर टोचून करायच्या अ‍ॅलर्जी चाचणीआधी पाच ते सात दिवस अँटिहिस्टामिन (सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या) बंद ठेवावं लागतं. नाहीतर सगळंच निगेटिव्ह येतं आणि पैसे फुकट जातात. शंभर-दोनशे पदार्थांची रक्तातली अ‍ॅलर्जी पॅकेजं घेऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात पॉझिटिव्ह आलेल्या गोष्टीचा त्रास होतोच असं नाही, आणि लोक वांगी-चिंच सोडून बसतात. लोखंडाची भुकटी, सिलिका, ब्लीच किंवा धूर या चाचणीत दिसणारच नाही, कारण तो त्रास अ‍ॅलर्जीचा नसून दाहाचा किंवा इजेचा आहे.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची टीबी तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सिलिकाच्या धुळीत काम केलेल्याला टीबीचा धोका जास्त असतो, त्यामुळे "धुळीचाच आहे" म्हणून खोकला अंगावर काढणं त्याला जास्त महागात पडतं.

ब्लॉकमधली रीत बदला

काँक्रीट कापताना पाणी. कट-ऑफ सॉसाठी पात्यावर मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी सतत पडायला हवं. बाटलीने अधूनमधून शिंपडलेलं पाणी पात्याच्या वेगापुढे टिकत नाही. काम सुरू करण्याआधी मग आणि घड्याळ घेऊन एकदा मोजा, अर्धं मिनिट लागतं. हॅमर ड्रिलला पाणी जोडता येत नसेल तर धूळ ओढणारं आवरण आणि व्हॅक्यूम लावा. व्हॅक्यूम हेपा फिल्टरचाच हवा. साधा व्हॅक्यूम मोठी धूळ पोटात ठेवतो आणि जी फुप्फुसात खोल जाते तीच बारीक धूळ मागून हवेत सोडतो. अमेरिकेत श्वासात जाणाऱ्या सिलिकाची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. कोरडं ड्रिलिंग बंद जागेत ती काही मिनिटांत ओलांडू शकतं.

झाडू नका. ट्रॅक स्लॅबवरचा कोरडा झाडू आणि कपड्यांवर मारलेली काँप्रेसरची हवा, या दोन सवयी सुटल्या तरी हवेत पुष्कळ फरक पडतो. हेपा व्हॅक्यूम किंवा ओलं पुसणं, तेही वरच्या केबल ट्रेपासून सुरू करून खाली स्लॅबपर्यंत. उलट्या क्रमाने केलं तर पुसलेल्या जागेवर पुन्हा धूळ बसते.

बोगद्याचे मोठे पंखे धूळ उडायच्या आधी चालू झाले पाहिजेत. ब्लॉक घेतानाच ओसीसीला (गाड्यांच्या नियंत्रण कक्षाला) सांगा की अमुक ते अमुक साखळीवर (मार्गावरच्या अंतराच्या खुणेवर) घासकाम आहे, वारा कोणत्या बाजूने हवा, आणि टोळी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी करा. वारा खरंच त्या दिशेने वाहतोय का हे हेल्मेटला बांधलेल्या हलक्या रिबिनीवर दिसतं. दोन टोळ्या एकाच बोगद्यात असतील तर एकीची धूळ दुसरीच्या तोंडावर जाते. हे नियोजन ब्लॉकच्या बैठकीत होतं, बोगद्यात उतरल्यावर होत नाही. डिझेलवरची गाडी नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा आणि उभी असताना इंजिन बंद करा. डिझेलचा धूर २०१२ पासून कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे आणि वेल्डिंगचा धूर २०१७ पासून. वेल्डिंग करणाऱ्याने धुराच्या लोटात डोकं न घालता बाजूने काम करावं, आणि धूर ओढणारी नळी वितळणाऱ्या जागेपासून वीतभर अंतरावर ठेवावी. लांब ठेवलेली नळी फक्त आवाज करते.

पीयू ग्राउट: इथे जास्त वेळ द्या

पावसाळ्यात सांध्यांतून पाणी झिरपायला लागलं की भोकं पाडून, पॅकर (रसायन आत सोडायच्या नळ्या) बसवून पॉलियुरेथेन भरतात. पाण्याला लागताच ते फुगतं आणि गळती थांबते. त्यातला एक घटक आयसोसायनेट असतो. माहितीपत्रकावर एमडीआय किंवा टीडीआय असं दिसेल. जगभरात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. सुरुवातीला महिनोन्‌महिने काहीच होत नाही. मग शरीर त्याला संवेदनशील होतं आणि त्यानंतर अगदी थोड्या वाफेनेही दम लागतो. एकदा हे झालं की मास्क, गोळ्या, पंप यांच्या भरवशावर तेच काम चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. त्या माणसाला पीयूच्या कामावरून कायमचं दुसरीकडे नेलं पाहिजे. जितकं लवकर नेलं तितका दमा आटोक्यात येण्याची शक्यता जास्त.

इंजेक्शन चालू असताना पंपावरची दोन माणसं सोडून बाकीच्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब पाठवा. वास येत नाही म्हणजे धोका नाही असं धरू नका. नाकाला कळण्याआधीच त्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर पोहोचलेलं असू शकतं. धूळ अडवणारा एन९५ इथे कामाचा नाही. सेंद्रिय वाफेचं आणि कणांचं एकत्र कार्ट्रिज असलेला, ए२पी३ वर्गाचा मास्क लागतो आणि कार्ट्रिज ठरलेल्या वेळापत्रकाने बदलावी लागते. "वास यायला लागला की बदलू" हा नियम इथे चालत नाही. कातडीवर पडलेल्या रेझिननेही शरीर संवेदनशील होऊ शकतं, म्हणून नायट्राइल हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. सांडलेलं रेझिन वाळूने टिपा आणि ते डबे लगेच घट्ट बंद करू नका. ओलाव्याशी प्रतिक्रिया होऊन आत वायू तयार होतो आणि डबा फुटू शकतो.

मास्क: सगळ्यात शेवटी, पण नीट

धूळ आणि वेल्डिंगच्या कणांसाठी एन९५ किंवा आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी२, जास्त धुळीत एफएफपी३. कानात अडकवायचे मास्क टाळा, डोक्यामागे दोन पट्ट्या असलेलेच घ्या. वरची पट्टी टाळूच्या मागे, खालची कानांखालून मानेवर, आणि दोन्ही एकमेकींवर ओलांडू नका. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. एका हाताने चिमटा काढला की मधे टोक उभं राहतं आणि तिथूनच हवा शिरते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. व्हॉल्व्ह असेल तर श्वास आत ओढा. कडेने हवा जाणवली तर पुन्हा बसवा. चष्म्यावर वाफ धरते म्हणजे नाकाशी गळती आहे.

दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही, दोन दिवसांचे खुंटही पुरेसे असतात. दाढी ठेवायचीच असेल तर पंख्याने हवा ढकलणारा हूड मागा. मास्क धुवू नका, घामाने भिजला किंवा श्वास जड झाला की टाकून द्या. पाणी साठायच्या टाकीत (सम्प) किंवा बंद खड्ड्यात उतरताना यातला एकही मास्क उपयोगाचा नाही. तिथे आधी गॅस मीटरने ऑक्सिजन मोजायचा, १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही.

स्टेशनवर: सफाई, बुरशी, कबुतरं

सफाई करणाऱ्या ताई-दादांना दिलेली बाटली बरेचदा लेबलाशिवाय असते. ब्लीच आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि भुयारी टॉयलेटमध्ये तो लवकर निघून जात नाही. ब्लीच आणि अमोनियावाला काच-क्लीनर एकत्र आले तरी तसाच विषारी वायू होतो. एका वेळी एकच रसायन वापरा, मधे भरपूर पाणी मारा. पाच टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरभर गार पाण्यात २० मिलिलिटर पुरतं. जास्त घातल्याने फरशी जास्त स्वच्छ होत नाही, छाती मात्र जळते. स्प्रे मारण्याऐवजी कापडावर ओतून पुसा. वायू झालाच तर जागा सोडा, मोकळ्या हवेत या, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसात पाणी साचणं काही तासांनी सुरू होऊ शकतं.

स्टाफ रूममध्ये कुबट वास येत असेल तर रंग मारून झाकू नका. फॉल्स सीलिंगच्या ओल्या टाइल, चिल्ड वॉटर पाइपचं फाटलेलं आवरण आणि एसीचा तुंबलेला ड्रेन ट्रे या तीन जागा आधी बघा. गळती थांबवा, भिजलेली टाइल फेकून द्या, कडक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने धुवा. आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली की बुरशी परत धरत नाही. एसीचे फिल्टर तारखेवर बदलण्यापेक्षा त्यांच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक बघून बदला. पावसाळा आणि आसपासचं बांधकाम यांत तारीख बरेचदा चुकीची ठरते.

व्हेंट शाफ्ट, जिने आणि कूलिंग टॉवरजवळची कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी खरवडू नका. आधी पाणी मारून भिजवा, एफएफपी३ मास्क लावा, पिशवीत भरा, मग जाळी बसवा. या विष्ठेने फुप्फुसाला वेगळ्याच प्रकारची सूज येते. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, कधी संपर्कानंतर काही तासांनी ताप आणि अंगदुखी, वजन घटणं. पंपाने फरक पडत नाही आणि त्वचेची अ‍ॅलर्जी चाचणी नॉर्मल येऊ शकते, म्हणून हा आजार महिनोन्‌महिने दमा समजला जातो. अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना कबुतरांबद्दल आवर्जून सांगा. छातीचं एचआरसीटी (बारकाईचं सीटी स्कॅन) लागतं.

हवा मोजताना होणारी चूक

हातातले स्वस्त पीएम २.५ मीटर प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात आणि साध्या धुळीच्या घनतेवर बेतलेले असतात. लोह ऑक्साइडची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ५.२ ग्रॅम, म्हणजे रस्त्यावरच्या धुळीच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे बोगद्यात असा मीटर वजन कमी दाखवतो. उलट पावसाळ्यात दमट हवेत पाण्याचे सूक्ष्म थेंब धुळीत मोजून जास्त दाखवतो. एका स्क्रीनशॉटवर भांडण करू नका आणि कोणी "आमचा मीटर हिरवा आहे" म्हटलं तर मानूही नका. त्याचा उपयोग तुलनेसाठी होतो: पंखा चालू आणि बंद, पाणी लावून आणि न लावता, त्याच जागी, त्याच रात्री. खरा आकडा हवा असेल तर कामगाराच्या कॉलरवर सायक्लोन (बारीक धूळ वेगळी काढणारं छोटं उपकरण) आणि फिल्टर, कमरेला हवा ओढणारा पंप, पूर्ण पाळीभर. अ‍ॅल्युमिनियम सायक्लोनला हवा मिनिटाला २.५ लिटर लागते. ती पाळीच्या आधी आणि नंतर तपासलेली नसेल तर अहवाल परत पाठवा.

औषध आणि ड्यूटी

सर्दीच्या साध्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने झोप येते. सेटिरिझिननेही काहींना येते. ट्रेन ऑपरेटर, ट्रॅकवर चालणारे आणि उंचीवर काम करणारे यांनी डॉक्टरांना काम सांगून फेक्सोफेनाडिनसारखं कमी गुंगीचं औषध मागावं. खोकल्याच्या काही सिरपमध्ये आणि काही पंपांत थोडं अल्कोहोल असतं. श्वासचाचणीच्या अगदी आधी घेतलं तर यंत्र खोटं दाखवू शकतं. पंप घेतला असेल तर तसं आधीच सांगा, तोंड धुवा आणि पंधरा मिनिटं थांबून चाचणी द्या. चाचणीच्या भीतीने पंप टाळू नका.

नाकातल्या स्टिरॉइड स्प्रेचा परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. मान किंचित खाली, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, टोक बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्याकडे नाही. नाक धुवायला अर्धा लिटर पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळा, गार करा आणि त्यात सपाट पाऊण चहाचा चमचा मीठ घाला. नळाचं न उकळलेलं पाणी नाकात घालू नका. दमा असलेल्याने फक्त तात्पुरत्या आरामाच्या पंपावर राहू नये, सूज कमी करणारा पंपही लागतो.

बोगद्यात अटॅक आला तर माणसाला बसवा, आडवं करू नका. साल्ब्युटामॉल पंप स्पेसरने (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याने): एक दाब, चार श्वास, असे चार दाब. चार मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा चार. तोवर रेडिओवर कळवून वर न्यायची सोय आणि १०८ दोन्ही सुरू करा. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील तर मोजत बसू नका, लगेच हलवा. प्रत्येक टोळीच्या पेटीत एक पंप आणि एक स्पेसर असावा. शिफ्ट बदलताना त्याची तारीख बघा.

कागदपत्रं

नोकरी लागतानाचा छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्रीची प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे दरवर्षीची तपासणी तिच्याशी ताडून बघता येते. पहिल्या सेकंदाची हवा वयाप्रमाणे वर्षाला साधारण २५-३० मिलिलिटर कमी होते. वयाची घट वगळूनही मूळ आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घसरली असेल तर "नॉर्मल" शिक्का असूनही डॉक्टरांना दाखवा. कामाच्या ठिकाणच्या संवेदनशील करणाऱ्या पदार्थांमुळे होणारा दमा आणि सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) हे कर्मचारी भरपाई कायदा आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कायदा या दोन्हींच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तिच्या तिसऱ्या अनुसूचीतही ते आहेत. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कंत्राटी कामगाराची ईएसआय वजावट होत असेल तर त्याने ईएसआय दवाखान्यात "कामामुळे झालेला" असं केस पेपरवर लिहून घ्यावं. कंत्राटदार बदलला की जुनी हजेरी मिळवणं अवघड जातं, म्हणून ब्लॉकच्या परवान्याचा आणि हजेरीपटाचा फोटो ज्या त्या रात्रीच काढून ठेवा. पीक फ्लोची वही आणि तो फोटो यांच्या तारखा जुळल्या की कोणत्या रात्री कोणतं काम होतं हे कुणाला नाकारता येत नाही.